लाल गाडी श्रीवर्धनला नेताना

उरणहून श्रीवर्धन काही फार लांब नाही. माझा धाकटा भाऊ विनू आपल्या लाल गाडीने तिथे जायला तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा एसटीने पोचला. त्याचे सासरे अप्पा वाडीच्या फाटकाशी उभे राहून म्हणायचे, "जावईबापू, लाल गाडीने येतो म्हणालात, शब्द पाळलात. एसटी लालच असते." पहिल्या दोन खेपांना विनू हसला होता. तिसऱ्या खेपेला हसला नाही, असं शुभदा, त्याची बायको, सांगते.

गाडी दोन दारांची, दोनच माणसांची, शर्यतीच्या गाडीसारखी बुटकी. वीसएक वर्षांपूर्वीचं मॉडेल. विनूच्या आधी तिचे तीन मालक झाले होते. गिअर ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही आणि गिअर आपले आपण बदलतात. निदान बदलायला हवेत. थंड असताना ती उत्तम चाले. तास-दीड तास झाला, इंजिन तापलं, की एक जोराचा हिसका बसे, समोर पिवळा दिवा लुकलुकू लागे आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसे. वर जात नाही, खाली येत नाही. बंद करून अर्धा तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी. पहिल्यांदा हे नागावला झालं, दुसऱ्यांदा काशीदच्या चढावर, आणि तिसऱ्यांदा थेट दिघीला, खाडी ओलांडून पलीकडे गेल्यावर, घर तासाभरावर आलेलं असताना. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावून पाहिलं. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या सात चुका निघाल्या आणि सल्ला एकच मिळाला, अख्खा गिअरबॉक्स बदला.

गेल्या जूनमध्ये विनू गेला. न्हावा शेव्याच्या ऑफिसात, टेबलाशी बसल्याबसल्या. शुभदा उरणची जागा सोडून वडिलांकडे श्रीवर्धनला आली, तिथल्याच शाळेत शिकवू लागली. गाडी उरणला एका शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. फेब्रुवारीत तिचा मला वाईला फोन आला.

"भाऊजी, भंगारवाला सोमवारी गाडी न्यायला येतोय. तुमच्या कानावर घातल्याशिवाय द्यायची नव्हती."

"ठेवायची नाही?"

"चालत असती तर ठेवली असती. न चालणारी गाडी मला बघवत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारपर्यंत ती चालत तुझ्या दारात आली तर?"

मग ती म्हणाली, "आली तर ठेवीन. पण भाऊजी, तुम्ही?"

त्या "तुम्ही"त सगळं आलं. मी शाळेचा निवृत्त ग्रंथपाल. माझी स्वतःची गाडी लहानशी, साध्या गिअरची, आणि तीसुद्धा बाजाराच्या दिवशी मी बाहेर काढत नाही. पण आठ महिन्यांत मी एक गोष्ट केली होती. विनूच्या सामानात त्या गाडीच्या दुरुस्तीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं होतं. ते मी घरी आणलं आणि रोज सकाळी, शब्दकोश शेजारी ठेवून, दोन-दोन पानं वाचली. दुसरं काही वाचवत नव्हतं. कादंबरी उघडली की माणसं मरतात. गिअरबॉक्समध्ये कुणी मरत नाही.

शुक्रवार, उरण

उरणच्या आसपास सगळं सपाट आहे. डोंगराखाली वाढलेल्या माणसाला ते आधी उघडं-उघडं वाटतं. एका बाजूला मिठागरं, त्यांत आरशासारखे चौकोन आणि काठाला मिठाचे पांढरे ढीग. दुसऱ्या बाजूला कंटेनर घेऊन जाणाऱ्या ट्रेलरची न संपणारी रांग. त्या दोहोंच्या मधल्या गावात जनार्दनभाऊंची शेड. जनार्दनभाऊ शेती सांभाळून बंदरात काम करायचे, आता निवृत्त आहेत. त्यांनी गाडीवरची ताडपत्री माझ्यासमोर काढली नाही. "तुमी काढा," म्हणाले आणि पाठ वळवून उभे राहिले. मला बरं वाटलं.

मी येणार म्हणून नवी बॅटरी त्यांनीच आणून ठेवली होती. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. शेडमधलं मांजर आणि आम्ही दोघं, तिघंही दचकलो.

"आता एक चक्कर मारा," जनार्दनभाऊ म्हणाले. "बाकी दादा, डाव्या पायाला काम नाय द्यावाचा हां."

हा उपदेश मी गांभीर्याने घ्यायला हवा होता. मुख्य रस्त्यावर वळताना सवयीने माझा डावा पाय क्लच शोधायला गेला, क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. त्यावर मी सगळं वजन टाकलं. गाडी जागच्या जागी थांबली, माझं कपाळ स्टिअरिंगला लागलं. मागच्या ट्रेलरचा ब्रेक किंचाळला. पुढच्या शंभर पावलांत मी हेच आणखी दोनदा केलं. ट्रेलरवाल्याने शेवटी काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"ओ काका! गाडी चालवताय का लेझीम खेळताय?"

संध्याकाळपर्यंत मी एक युक्ती शोधली. डाव्या पायातली चप्पल काढून ठेवायची. उघडा पाय गार रबरावर टेकलेला राहिला की त्याला आपण कामावर नाही याची आठवण राहते. पुस्तकात हे कुठे नव्हतं.

शनिवार, रेवदंडा

सकाळी लवकर निघालो. चिरनेर, पेण, वडखळ. वडखळला गर्दी होती, पण गाडी एकेक गिअर इतक्या अलगद बदलत होती की मी पुस्तकातलं पान आणि समोरचा आकडा यांचा मेळ घालत बसलो. अलिबागला थांबलो नाही. पुढे चौलच्या वाड्यांमधून जाताना रस्त्यावर इतकी गर्द सावली होती की चष्मा बदलावा लागला. आमच्याकडे झाडं रस्त्याच्या कडेला असतात, इथे रस्ता झाडांच्या कडेला आहे.

रेवदंड्याच्या बाजाराशी हिसका बसला.

मला वर्णन तोंडपाठ होतं, तरी मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं. पिवळा दिवा. तीनचा आकडा. गाडी जड बैलासारखी खेचू लागली. मी तिला कशीबशी बंदराकडच्या मोकळ्या जागेत नेली आणि बंद केली. समोर होड्या चिखलात कलंडल्या होत्या, ओहोटी होती. विनू तीनदा असाच बसला असेल, हा विचार आला. त्याने काय केलं असेल हेही मला ठाऊक होतं. अर्धा तास थांबायचं, पुढे घाटात पुन्हा अडकेल म्हणून उलट फिरायचं, हळूहळू उरण गाठायचं आणि एसटी पकडायची.

मी पुस्तक बॉनेटवर उघडून उभा राहिलो. सुकट वाळत घालणारी एक बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"पूजा सांगताव का काय गारीची?"

"गिअर बिघडलाय."

"गिअर? मंग आमच्या मानसाला दाखवा. यो काय, त्या बोटीच्या खाली पाय दिसतान त्याचं."

एका मोठ्या मच्छीमार बोटीखालून खरोखरच दोन पाय बाहेर आले होते. पायांच्या मागोमाग हरेश्वर आला. पन्नाशीचा, अंगाने बारीक, कपाळाला ग्रीसचा पट्टा. त्याने गाडी पाहिली आणि मान हलवली.

"मी बोटींचं गिअर करतंय. गारीचं नाय."

"बोटीच्या गिअरला क्लच कसा असतो?" मी विचारलं.

"तेलाचा. तेलाचा दाब आला का पलेटी धरतान, दाब गेला का सोरतान."

मी पुस्तकातलं एकशे बारावं पान त्याच्यापुढे धरलं. गिअरबॉक्सचा उभा छेद होता तो. हरेश्वरने हात पुसले, मग पुन्हा पुसले, आणि चित्रावर बोट न टेकवता हवेतच फिरवलं. "यो पंप. ह्या पलेटी. यो तेलाचा रस्ता... अरे! ही तर आमचीच हाय! आमच्याला एक म्होरं, एक मागं. हिला लई म्होरं."

"पाच."

"पाच म्होरं कशाला लागतान मानसाला?" तो बायकोला म्हणाला. मग मला, "मास्तर, बघू मंग."

"मी मास्तर नाही. ग्रंथपाल होतो."

"पुस्तकाशी होताव ना? मंग मास्तर."

पुढचे दोन तास मी जे पाहिलं ते नुसत्या वाचनाने कळलं नसतं. मी म्हणालो, आधी तेल मोजू. इंजिन बंद करून पट्टी काढायला लागलो, तर त्याने मनगट धरलं. इंजिनाचं तेल बंद असताना मोजतात. हे चालू असतानाच मोजायचं, गरम झाल्यावर, आणि गिअरचा दांडा सगळ्या खुणांवरून एकदा फिरवून आणल्यावर. माझ्या पुस्तकात हे नव्वदाव्या पानावर होतं आणि मी ते दोनदा वाचलं होतं. त्याने पट्टीवरचा एक थेंब माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर सोडला. थेंब पसरत गेला, लालसर, स्वच्छ. कडेला काळं वर्तुळ आलं नाही. त्याने वास घेतला, मला दिला.

"जललेला वास हाय?"

"नाही. गोडसर आहे."

"मंग पलेटी जिवंत हायेत. पोट बराबर हाय हिचा. बिघाड डोक्यात हाय."

मग तो गाडीखाली गेला. मला मीटर धरायला दिला. एक टोक बॅटरीच्या उण्या बाजूला मी लावायचं, दुसरं तो खालून गिअरबॉक्सला लावणार. दिवे लावा म्हणाला, लावले. एसी लावा, लावला. पंखा जोरात करा. आकडा किती? दीड व्होल्ट, मी सांगितलं. हवा होता जवळजवळ शून्य, हे मला नंतर कळलं. ऊन माथ्यावर आलं होतं. मग त्याचा आवाज आला, सावकाश, जपून, जसं आजारी माणसाच्या नातेवाइकाला सांगावं तसा.

"मास्तर. हिला अर्थ लागत नाय."

मी गाडीला टेकून उभा होतो. मी म्हणालो, "मलाही लागत नाही."

"तुमाला पन? कवापासून?"

"जूनपासून."

हरेश्वर धडपडत बाहेर आला. "जूनपासून ठावं हाय आनि मना आता सांगताव? दोन तास मी हितं तेल हुंगतंय! एक वायर तर लावायची व्हती! आठ म्हयने काय करत व्हताव?"

"वाचत होतो," मी म्हणालो.

मग त्याने माझा हात धरून मला जवळजवळ गाडीखाली ओढलं आणि टॉर्चचा उजेड टाकला. इंजिन-गिअरबॉक्सपासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली, विणलेल्या तांब्याची बोटभर रुंद पट्टी. "यो बगा अर्थ." पट्टीचं एक टोक हिरव्या भुकटीत गेलं होतं. नखाने दाबलं तर मीठ-साखरेसारखं सुटून आलं. उरल्या होत्या चार तारा.

अर्थिंग! वीज बॅटरीतून जाते तशी तिला परत यायलाही वाट लागते, आणि त्या वाटेला इथे सगळे जण अर्थ म्हणतात. थंड असताना चार तारांवर भागत होतं. गाडी तापली, पंखा फिरू लागला, एसी जोर करू लागला की वाट अपुरी पडे. गिअर बदलणाऱ्या कॉम्प्युटरला वीज कधी मिळे, कधी नाही. मग तो घाबरून सगळं सोडून एकच गिअर धरून बसे. सात चुका निघाल्या त्या एकाच बिघाडाच्या सात हाका होत्या.

मला हसू आलं. ते आवरेना. गाडीखाली उताणा पडून मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. हरेश्वरने बायकोला ओरडून पाणी आणायला सांगितलं. त्यांना वाटलं, मला ऊन लागलं. पाणी प्यायल्यावर मी त्यांना विनूबद्दल सांगितलं. जून म्हणजे काय तेही सांगितलं. त्याच्या बायकोने, तिचं नाव हिरा, पदर तोंडाला लावला; हसू दाबायला की दुसऱ्या कशाला ते मला कळलं नाही, बहुतेक दोन्हीला.

"भाऊ गारी धुवायचा?" हरेश्वरने विचारलं. "खालून?"

धुवायचा. किनाऱ्यावरून आला की दर वेळी. खारी हवा लागली म्हणून पाइप लावून खालून, कोपऱ्याकोपऱ्यात. तासभर चालायचं ते.

"पानी कंचा?"

"शेडमागच्या विहिरीचं."

हरेश्वरने कपाळावर हात मारला. "उरनची हीर! मचूल पानी! खाऱ्यानं खारं धुतला तुमच्या भावानं."

आमच्या वाईला विहीर म्हणजे गोडं पाणी, त्यात दुसरा प्रकार आम्हाला माहीतच नाही. विनूलाही नसावा. घाटावरच्या माणसानेच करावी अशी चूक त्याने वर्षानुवर्षं, मनापासून, बाह्या सरसावून केली होती. मला त्याचा राग आला नाही. पाइप धरून ओणवा झालेला तो मला स्पष्ट दिसला.

नवी पट्टी गाडीच्या दुकानात मिळाली नसती. हरेश्वरने बोटीच्या स्टार्टरची जाड केबल कापली, टोकांना तांब्याचे कान बसवून दाबले, सांगाड्यावरचा रंग खरवडून चांदीसारखा पत्रा उघडा केला आणि ती आवळून वर ग्रीस फासलं. त्याच्या धंद्यात पहिला नेम हाच, असं तो म्हणाला: दर्यावर काहीही बिघडलं तरी आधी अर्थ बघायचा, मग बाकीचं.

मी निघायची घाई करू लागलो तर हिराबाईंनी ठाम नकार दिला. टायल, म्हणजे चाचणी, झाल्याशिवाय बोट दर्यावर सोडत नाहीत, आणि टायल तापलेल्या दुपारी घ्यायची, आता ऊन उतरलं. म्हणजे मुक्काम. जेवायला तांदळाची भाकरी, मांदेलीचं कालवण आणि सुकटीची चटणी. माझ्या हातातली भाकरी पहिल्या घासाला तुटली, कारण मी ती ज्वारीच्या भाकरीसारखी मोडायला गेलो.

"घाटावरचं दिसतान," हिराबाई म्हणाल्या. "भाकरीशी मारामारी करतान."

जेवणानंतर त्यांनी नारळाची वडी पुढे केली. मी म्हणालो, भावाचं वर्ष व्हायचंय, मी गोड खात नाही. त्यांनी आग्रह केला नाही. वडी उचलून बाहेर गेल्या आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवली. "हिचा तर नेम नाय ना?"

रविवार, काशीद ते श्रीवर्धन

टायलसाठी हरेश्वर इस्त्रीचा शर्ट घालून आला. ऊन चढल्यावर निघालो. रेवदंड्याचा पूल, कोर्लई, मग समुद्र उजव्या हाताला इतका जवळ की बोलताना त्याच्यापेक्षा आवाज चढवावा लागतो. हरेश्वरने दिवे, एसी, पंखा, सगळं लावायला लावलं. काशीदचा चढ आला तेव्हा म्हणाला, "वायपर."

"पाऊस नाही."

"वीज खातान ना? लावा."

तर अशा रीतीने, लख्ख उन्हात, दिवे लावून, कोरड्या काचेवर वायपर करकरत, एक बुटकी लाल गाडी काशीदच्या चढाला लागली. रस्त्यावरचे पर्यटक शहाळी तोंडाला लावून बघत राहिले. "काका, पाऊस तुमच्याकडेच आहे काय?" कुणीतरी ओरडलं. मी समोरचा आकडा सोडून कुठे बघत नव्हतो. चार. चढ वाढला, तीन झाला. तीनवरच ती अडकायची. मग दोन. वळणानंतर पुन्हा तीन. आणि मग, लोण्यातून सुरी जावी तसा, चार.

हरेश्वरने खिडकीवर थाप मारली. "लागला! अर्थ लागला हिला!"

काशीदला तो उतरला. त्याला मी काय द्यावं हे मला आदल्या दिवसापासून कळत नव्हतं. शेवटी पुस्तकच दिलं. त्याने उघडून पाहिलं. "इंग्रजी हाय."

"चित्रं बघा. बाकी तुम्हाला येतंच."

त्याने ते शर्टाच्या आत, पोटाशी खोवलं आणि रेवदंड्याकडे जाणाऱ्या रिक्षेला हात केला. मी पुढे निघालो तेव्हा शेजारची सीट रिकामी होती आणि मांडीवर पुस्तकाचं वजन नव्हतं. नांदगाव, मुरूड, मग आगरदांड्याचा धक्का.

खाडी ओलांडायला इथे जंगल जेट्टी आहे. गाड्या, माणसं, मोटारसायकली, कोंबड्यांच्या टोपल्या, सगळं एका सपाट बोटीवर चढतं. फळीवर चढताना गाडीचं पोट खरवडलं, त्याचा आवाज माझ्या दातांत गेला. बोटीवरच्या खलाशाने बॉनेटवर थाप मारली.

"लाल गाडी! गिअरमंदी टाका!"

"ऑटोमॅटिक आहे. पी मध्ये टाकलीय."

"पी काय पी? हालली तर?"

"पी म्हणजे पार्किंग. ती हलत नाही."

त्याने लाकडाचं एक पाचर आणून चाकाखाली पायाने ठोकलं. "ह्यो आमचा पी."

पलीकडे दिघी. इंजिन अजून गरम होतं, बाहेर भर दुपार. धक्क्यावरून रस्ता सरळ डोंगरावर चढतो. याच चढावर, अर्ध्यात, एका मोरीपाशी विनूची गाडी तिसऱ्यांदा अडकली होती. तेव्हा त्याने मला फोटो पाठवला होता: मोरीचा कठडा, मागे काजूचं झाड, आणि कठड्यावर बसलेला तो, हात जोडून. मी उरणहून निघतानाच ठरवलं होतं की तिथे थांबायचं. दोन मिनिटं उभं राहायचं.

पुढे दगडाने भरलेला ट्रक होता, धूर सोडत. तीन. दोन. ट्रकमागे रांगत चाललो होतो. तापमानाचा काटा मधोमध. पंखा फिरत होता, तो मला पायांत जाणवत होता. मग वळणापुढे रस्ता मोकळा दिसला आणि मी उजवा पाय खाली दाबला. गाडीने एक गिअर खाली घेतला आणि अशी उसळली की माझी पाठ सीटला चिकटली. ट्रक मागे गेला. धूर मागे गेला. काजूचं झाड आलं, मोरीचा कठडा आला.

मी थांबलो नाही. चालती गाडी तिथे थांबवणं म्हणजे विनूला चिडवणं झालं असतं. मी हॉर्न वाजवला, लांबच लांब, आणि वर निघून गेलो. माथ्यावर वारा आला. खाली खाडी, पलीकडे मुरूडचे डोंगर, समुद्रात जंजिरा चिमटीत मावेल एवढा. मी एकटाच गाडीत मोठ्याने बोलत होतो. काय ते आठवत नाही, पण त्यात शिव्याही होत्या आणि त्या प्रेमाच्या होत्या.

त्यानंतरचा रस्ता, बोर्ली, दिवेआगर आणि शेखाडीचा कडा, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा पाहावा. डाव्या हाताला काळा कातळ, उजव्या हाताला लाटा, मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट. मासे वाळत घातलेल्या वस्तीतून जाताना वेग कमी करावा लागतो, आणि ते बरंच आहे, कारण तिथे माणसं हात हलवतात.

श्रीवर्धनला जांभ्याच्या दोन गडग्यांमधल्या वाटेने गाडी आत घेताना दोन्ही आरसे मिटावे लागले. अप्पा वाडीत सुपाऱ्या निवडत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. आवाज ऐकून उठले, काठी विसरून चालत आले, आणि फाटक उघडायचं सोडून फाटकालाच धरून उभे राहिले. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

शुभदा आतून आली. हाताला पीठ होतं. तिने आधी गाडीच्या मागे पाहिलं, रस्त्यावर. ओढून आणणारी दुसरी गाडी शोधत होती.

"एकटीच आली," मी म्हणालो. "सगळे गिअर घेऊन."

तिने हात धुतले नाहीत. पिठाच्याच बोटांनी फोन लावला आणि आमच्याकडे पाठ करून बोलली. "हां, मी बोलतेय, श्रीवर्धनहून. उद्या येऊ नका. नाही, दुसऱ्याला नाही विकली. गाडी चालते. हो. चालते."

अप्पांना गाडीत बसायचं होतं. बसले, म्हणजे आत पडले. मग उठता येईना. मी एका हाताला, शुभदा दुसऱ्या हाताला. "अरे, ही काय बसायची जागा? ही तर घसरगुंडी! जावयाला म्हातारपणी काय बसायचं होतं हिच्यात?" ते म्हणाले आणि मग एकदम रडू लागले, आमच्या दोघांच्या हातांत लोंबकळत. आम्ही त्यांना उभं केलं. ते नीट उभे राहिल्यावरही शुभदाने त्यांचा हात सोडला नाही.

थोड्या वेळाने तिने माझ्यापुढे तळवा धरला. मी किल्ली दिली.

"त्याने मला एकदाही चालवू दिली नाही," ती म्हणाली. "वाटेत अडकली तर तू एकटी काय करशील, म्हणायचा."

आरसे मिटलेलेच ठेवून, मान मागे वळवून, तिने गाडी त्या वाटेतून एका दमात बाहेर काढली. मला ते सरळ आणतानाही जमलं नव्हतं. समुद्राकडच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. आम्ही दोघं फाटकाशी ऐकत उभे राहिलो. आवाज चढत गेला, चढत गेला आणि एकाएकी खाली आला.

अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. "अडकली?"

"नाही अप्पा," मी म्हणालो. "वरचा गिअर पडला."